सरकारने बाजारात हात घालावा का? कांदा आणि रोजगार हमीतून समजून घेऊ



सातवीला नागरिकशास्त्रात मार्गदर्शक तत्त्वांचा पाठ शिकवत होते. सरकारने लोकांच्या कल्याणासाठी काय काय करावं, हे फळ्यावर लिहून झालं. तेवढ्यात मधल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, कांदा महाग झाला की टीव्हीवर रोज दाखवतात आणि सरकार लगेच काहीतरी करतं. मग आमच्या कांद्याला भाव नव्हता, गाडीभाडंसुद्धा अंगावर पडलं, तेव्हा सरकार का नाही आलं?"

मी काही बोलणार तोच मागून एक मुलगा म्हणाला, "पण मॅडम, कांदा ऐंशी रुपये झाला तर माझी आई भज्यांची गाडी कशी चालवणार?"

वर्ग एकदम दोन भागांत वाटला गेला. कांदा पिकवणाऱ्यांची मुलं एकीकडे, विकत घेणाऱ्यांची दुसरीकडे. तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी सुटले, असंच म्हणायला हवं. कारण दोघांचंही बरोबर होतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. "सरकार बघतं सगळं" किंवा "सरकारला शेतकऱ्याचं काही पडलेलं नाही" ही दोन उत्तरं आपण मोठी माणसं नेहमी देतो. पण ती उत्तरं नाहीतच, ते आपले राग-लोभ आहेत.

म्हणून मी थोडं वाचलं, वर्गात एक खेळ घेतला आणि त्यातून जे समजलं ते इथे मांडते आहे. मी अर्थशास्त्राची पदवीधर नाही, डी.एड. केलेली प्राथमिक शिक्षिका आहे. त्यामुळे भाषा साधीच असेल.

आर्थिक धोरण म्हणजे नेमकं काय?

पैसा कुठून आणायचा, कशावर खर्च करायचा आणि लोकांच्या व्यवहाराला कोणते नियम लावायचे, याबद्दल सरकारने घेतलेले निर्णय म्हणजे आर्थिक धोरण. सरकारच्या हातात यासाठी मुख्य चार साधनं असतात.

• कर आणि खर्च. अर्थसंकल्पात दिसतं ते हेच. पुस्तकी भाषेत याला राजकोषीय धोरण म्हणतात.
• व्याजदर आणि चलन. हे काम रिझर्व्ह बँक पाहते. याला मौद्रिक धोरण म्हणतात.
• नियम आणि कायदे. किती साठा करता येईल, किमान वेतन किती, कारखान्याने सांडपाणी कुठे सोडायचं वगैरे.
• आयात-निर्यातीवरचे निर्णय. कोणता माल देशाबाहेर जाऊ द्यायचा, कशावर किती शुल्क लावायचं.

मुलांना सांगताना आपण घरखर्चाचं उदाहरण देतो. ते सुरुवातीला चालतं, पण एक फरक सांगायलाच हवा. घरातली आई घरातल्यांसाठी नियम करते, शेजाऱ्याच्या घरात काय शिजेल हे ती ठरवत नाही. सरकारचा एक निर्णय मात्र लाखो अनोळखी लोकांच्या ताटात आणि खिशात जातो. म्हणून तो तपासून पाहायला हवा.

बाजार काय काम करतो?

हस्तक्षेप चांगला की वाईट हे ठरवण्याआधी, हस्तक्षेप नसताना काय होतं ते पाहू.

भाव म्हणजे एक प्रकारचा निरोप असतो. टोमॅटोचा भाव चढला की शेतकऱ्याला निरोप जातो, "टोमॅटो कमी आहे, लावा." तोच निरोप घरी बाईला मिळतो, "आज टोमॅटो कमी वापरा, चिंच-आमसूल चालवा." कोणी आदेश दिलेला नसतो, तरी दोघंही आपापल्या ठिकाणी योग्य तेच करतात. ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये 'वेल्थ ऑफ नेशन्स' या ग्रंथात बाजाराची ही ताकद समजावून सांगितली. पण त्यांचं नाव घेऊन "सरकारने काहीच करू नये" असं म्हणणं चुकीचं आहे. देशाचं संरक्षण, न्यायव्यवस्था आणि कोणा एका व्यक्तीला परवडणार नाहीत अशी सार्वजनिक कामं ही सरकारची कर्तव्यं त्यांनीच त्या ग्रंथात सांगितली आहेत. शिक्षणाचा विचारही त्यात आहे.

आपल्याकडे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्यात डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले अर्थशास्त्राचे नियम भारताला जसेच्या तसे लागू होत नाहीत, इथले उद्योग उभे राहायला सरकारची मदत लागेल, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे "सरकारने किती आणि कुठे?" हा वाद नवा नाही.

सरकारने मध्ये का पडायचं?

बाजार जिथे कमी पडतो अशा काही जागा आहेत. मुलांना ही उदाहरणं पटकन कळतात.

१. सगळ्यांच्या उपयोगाच्या गोष्टी. गल्लीतल्या दिव्याचा उजेड पैसे देणाऱ्यालाच मिळेल असं करता येत नाही. मग जो तो म्हणतो, दुसरा लावेल. दिवा लागतच नाही. तो ग्रामपंचायतीने लावावा लागतो.

२. एकाचा व्यवहार, दुसऱ्याला त्रास. कारखान्याने नदीत घाण पाणी सोडलं तर त्याचा खर्च वाचतो, पण खालच्या गावाची विहीर खराब होते. त्या गावाचं नुकसान मालाच्या किमतीत कुठेच धरलेलं नसतं.

३. मक्तेदारी. गावात वीज पुरवणारी एकच तार असेल तर तो मागेल तो दर द्यावा लागेल. तिथे दरावर कोणाचं तरी नियंत्रण हवं.

४. माहितीची तफावत. बियाण्याची पिशवी उघडून पाहिली तरी ते उगवेल की नाही हे शेतकऱ्याला कळत नाही. विकणाऱ्याला कळतं. म्हणून तपासणी आणि प्रमाणपत्र लागतं.

५. गरज आणि ऐपत यातला फरक. बाजाराला भूक दिसत नाही, खिशातले पैसे दिसतात. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याची गरज बाजारात मोजलीच जात नाही.

६. मोठे चढउतार. १९२९ नंतरच्या महामंदीत कोट्यवधी लोक बेकार झाले. लोकांकडे पैसे नाहीत म्हणून खरेदी नाही, खरेदी नाही म्हणून काम नाही. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ च्या आपल्या ग्रंथात सांगितलं की अशा वेळी बाजार आपोआप सावरेल याची खात्री नसते, सरकारी खर्चाने मागणी उचलून धरता येते.

पण बाजार कमी पडतो म्हणून सरकार आपोआप बरोबर ठरतं असं नाही. सरकारलाही सगळी माहिती नसते. निर्णयाला उशीर होतो. निवडणूक जवळ असते. मदत मधल्या मध्ये जिरते. १९९१ पूर्वी कारखाना काढायचा किंवा वाढवायचा तर अनेक उद्योगांत परवाना लागायचा. हेतू चांगला होता, पण लोकांचा वेळ आणि पैसा परवाने मिळवण्यात गेला. म्हणून दोन्ही बाजू पाहायला हव्यात.

तपासायचे पाच प्रश्न

सरकारचा कोणताही निर्णय घ्या आणि हे पाच प्रश्न विचारा. आमच्या वर्गात ते तक्त्यावर लावले आहेत.

१. अडचण नेमकी कोणती आणि कोणाची?
२. बाजार ती स्वतःहून का सोडवत नाही?
३. या उपायाचा खर्च शेवटी कोण भरतं?
४. निर्णयानंतर लोक आपलं वागणं कसं बदलतील?
५. हेच काम कमी नुकसानीत करणारा दुसरा उपाय आहे का?

यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच आपण विचारत नाही. सरकारने एखादी गोष्ट स्वस्त केली म्हणजे तिचा खर्च नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी अंगावर जातो. कधी तो सगळ्यांमध्ये थोडा थोडा वाटला जातो, तर कधी एकाच्याच डोक्यावर बसतो.

आता हे प्रश्न दोन खऱ्या उदाहरणांना लावू.

उदाहरण पहिलं : कांदा

आधी कांद्याचा हंगाम समजून घेऊ. आपल्याकडे खरीप (पोळ), लेट खरीप (रांगडा) आणि रब्बी (उन्हाळ) असे तीन कांदे येतात. देशाच्या उत्पादनात निम्म्याहून बराच जास्त वाटा उन्हाळ कांद्याचा. तो मार्च ते मेच्या सुमारास निघतो, चाळीत साठवला जातो आणि नवा खरीप कांदा येईपर्यंत तोच आपल्याला पुरतो. खरिपाचा पोळ कांदा टिकत नाही. त्यामुळे ऑगस्ट ते ऑक्टोबर हा दर वर्षी नाजूक काळ. त्यात चाळीतला कांदा सडला किंवा पाऊस लांबला की भाव उसळतो.

दुसरी गोष्ट, कांदा महाग झाला तरी आपण खाणं फार कमी करत नाही. फोडणीला कांदा लागतोच. आणि स्वस्त झाला म्हणून दुप्पट खातही नाही. त्यामुळे माल थोडा कमी पडला तरी भाव खूप चढतो आणि थोडा जास्त झाला तरी खूप पडतो. आणखी एक, गेल्या वर्षी भाव चांगला मिळाला की सगळेच कांदा लावतात आणि पुढच्या वर्षी सगळ्यांचाच पडतो.

२०२३ हे एकच वर्ष पाहा. फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव इतका कोसळला की महाराष्ट्र सरकारने त्या काळात विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. म्हणजे "सरकार आलंच नाही" हे अगदी तसं नाही. त्याच वर्षी ऑगस्ट कोरडा गेला. भाव चढू लागले. मग केंद्र सरकारने एकामागून एक पावलं उचलली.

• ऑगस्ट २०२३ : निर्यातीवर ४० टक्के शुल्क.
• ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी : टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्यापेक्षा कमी दराने बाहेर विकायला मनाई.
• ८ डिसेंबर २०२३ : निर्यातबंदी, सुरुवातीला ३१ मार्च २०२४ पर्यंत. नंतर ती वाढवली.
• मे २०२४ : बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं.
• सप्टेंबर २०२४ : किमान मूल्य काढलं, शुल्क २० टक्के केलं.
• १ एप्रिल २०२५ : शुल्कही काढलं.

याआधी सप्टेंबर २०१९ आणि सप्टेंबर २०२० मध्येही निर्यातबंदी झाली होती.

आता पाच प्रश्न.

अडचण कोणाची? कांदा महागला की हातावर पोट असणाऱ्या कुटुंबाची. भज्यांच्या गाडीची. ही अडचण खरी आहे, ती खोटी समजू नये. निर्यात थांबवली की बाहेर जाणारा माल देशातच राहतो आणि भाव उतरतो. म्हणजे उपाय लागू पडतो, हेही कबूल केलं पाहिजे.

बाजार स्वतः का सोडवत नाही? सोडवतो, पण वेळ लागतो. नवा कांदा यायला तीन-चार महिने जातात. तेवढे महिने गरिबाने काय करायचं, याचं उत्तर बाजाराकडे नाही.

खर्च कोणी भरला? इथे वर्गात एक हिशेब केला. आकडे आम्ही सोपे धरले आहेत. समजा एका शेतकऱ्याचा एकरभर कांदा, ८० क्विंटल, म्हणजे ८,००० किलो. निर्णयामुळे भाव किलोला १७ रुपयांनी उतरला. शेतकऱ्याचं कमी झालेलं उत्पन्न झालं १,३६,००० रुपये. आता हाच कांदा ५०० कुटुंबांनी तीन महिने खाल्ला असं धरू. प्रत्येकाच्या वाट्याला १६ किलो. भाव पूर्ण उतरून त्यांच्यापर्यंत पोचला तर प्रत्येक कुटुंबाचे वाचले २७२ रुपये.

पाचशे घरांना प्रत्येकी २७२ रुपये मिळाले आणि एका घराचे १,३६,००० रुपये गेले. रक्कम तेवढीच. फक्त एका खिशातून निघून पाचशे खिशांत गेली. त्या पाचशे घरांत भज्यांची गाडी चालवणारी आईही आहे, आणि माझ्यासारखे पगारदार, बंगलेवाले, हॉटेलवालेही आहेत. आम्हाला २७२ रुपयांची मदत लागतच नव्हती. शिवाय हा भाव उतरताना मधल्या टप्प्यांवर काही राहिलं, तर गिऱ्हाइकाला २७२ सुद्धा मिळत नाहीत. शेतकऱ्याचं नुकसान मात्र पूर्ण होतं.

लोक वागणं कसं बदलतील? शेतकरी विचार करतो, भाव पडला तर तोटा माझा, चढला तर फायदा मिळण्याआधी दरवाजा बंद. मग चांगली चाळ बांधायला पैसे कशाला घालू? आणि चाळी नसतील तर पुढच्या ऑगस्टमध्ये टंचाई आणखी वाढते. परदेशातलं गिऱ्हाईकही विश्वास ठेवत नाही. २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या असताना हसत हसत म्हणाल्या होत्या की आम्हाला आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, मी स्वयंपाक्याला कांदा न घालता स्वयंपाक करायला सांगितलं आहे. बोलणं विनोदाचं होतं, पण ज्या देशाला वेळेवर माल मिळत नाही तो दुसरा विकणारा शोधतो.

दुसरा उपाय? आहे. केंद्र सरकार नाफेड आणि एनसीसीएफमार्फत कांदा विकत घेऊन राखीव साठा करतं. २०२३-२४ साठी हे उद्दिष्ट ३ लाख टनांवरून ५ लाख टन केलं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यातून २५ रुपये किलोने गिऱ्हाइकांना कांदा विकला. खरेदी योग्य भावाने आणि वेळेवर झाली तर इथे खर्च सरकारी तिजोरीतून जातो, म्हणजे आपण सगळे थोडा थोडा भरतो. त्यातही अडचणी आहेत. कांदा गव्हासारखा वर्षभर टिकत नाही, सडतो. खरेदी वेळेवर झाली नाही तर शेतकऱ्याला उपयोग नाही. पण ओझं एकाच खांद्यावर पडत नाही.

उदाहरण दुसरं : रोजगार हमी योजना

आता आपल्या पगारपत्रकाकडे वळू. आपण शिक्षक दर महिन्याला पगारपत्रक पाहतो. त्यात 'व्यवसाय कर' म्हणून २०० रुपये कापलेले असतात. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. मी नोकरीला लागल्यापासून ही कपात पाहत होते, पण ती कशासाठी सुरू झाली हे मला ठाऊक नव्हतं.

तिचा संबंध महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेशी आहे. मागेल त्याला काम द्यायचं ही कल्पना सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे यांनी मांडली. ते विधान परिषदेचे सभापती होते. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलाव खोदायला, रस्त्याच्या कामावर गेली. आपल्या आजी-आजोबांना विचारा, बहात्तरच्या दुष्काळातली सुकडी त्यांना आठवत असेल. पुढे योजनेला कायमचा पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. नोकरदार, व्यावसायिक यांच्याकडून थोडी थोडी रक्कम घ्यायची आणि त्यात राज्य सरकारने आपला वाटा घालायचा. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. २००५ मध्ये केंद्राने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस कामाची हमी देणारा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

याला पाच प्रश्न लावू.

अडचण कोणाची? पाऊस नाही म्हणून शेतात काम नाही, काम नाही म्हणून हातात पैसा नाही, अशा मजुराची. दुष्काळात अनेकदा बाजारात धान्य असतं, पण विकत घ्यायला पैसे नसतात.

बाजार का सोडवत नाही? कारण ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याची गरज बाजाराला दिसत नाही. वर पाचव्या मुद्द्यात पाहिलं तेच.

खर्च कोणी भरला? आपण. आणि तो पगारपत्रकावर स्पष्ट लिहिलेला आहे. कोणा एकाच्या शेतातून नकळत काढून घेतलेला नाही. विधिमंडळात कायदा करून, सगळ्यांसमोर, अनेकांमध्ये वाटून घेतला.

लोक वागणं कसं बदलतील? उन्हात खडी फोडायचं काम ज्याला खरंच गरज आहे तोच मागायला येतो. म्हणजे गरजू कोण हे शोधण्याचं काम बऱ्याच अंशी आपोआप होतं. पण दोषही झाले. हजेरीपटावर खोटी नावं, मजुरीला उशीर, अर्धवट राहिलेली कामं. हे सांगायलाच हवं. कल्पना चांगली म्हणून अंमलबजावणी चांगली असं होत नाही.

दुसरा उपाय? नुसतं धान्य किंवा रोख पैसे देता आले असते. म्हातारी, आजारी माणसं खडी फोडू शकत नाहीत, त्यांच्यासाठी तेच योग्य. पण धडधाकट माणसाला कामाची हमी दिली तर गावात तलाव, बांध, रस्ता मागे राहतो.

संविधानातलं कलम ४१ आठवा. राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत कामाच्या हक्कासाठी तरतूद करावी असं त्यात म्हटलं आहे. "कुवतीच्या मर्यादेत" हे शब्द मुलांना मुद्दाम दाखवा. खर्च कोण भरणार, हा प्रश्न तिथेही आहेच.

वर्गात घेतलेला खेळ

वीस मुलं घेतली. चार शेतकरी, सोळा गिऱ्हाइकं. पैसे म्हणून चिंचोके. बारा गिऱ्हाइकांना १० चिंचोके, चौघांना फक्त ३. प्रत्येक शेतकऱ्याला 'कांदा' लिहिलेल्या चिठ्ठ्या.

पहिली फेरी : २० चिठ्ठ्या. भाव दोन-तीन चिंचोके ठरला. सगळ्यांना कांदा मिळाला.

दुसरी फेरी : फक्त १२ चिठ्ठ्या. भाव सातपर्यंत गेला. तीन चिंचोकेवाले चौघेही रिकाम्या हाताने परतले. वर्ग ओरडला, "हे बरोबर नाही!"

तिसरी फेरी : मी सरकार झाले. "दोन चिंचोक्यांपेक्षा जास्त भाव घ्यायचा नाही." लगेच झुंबड उडाली. पुढच्या बाकावरच्यांनी दोन-दोन घेतले, मागचे तसेच राहिले. एका शेतकऱ्याने दोन चिठ्ठ्या दप्तराखाली लपवल्या. मी काहीही शिकवलेलं नसताना त्याला साठेबाजी सुचली!

चौथी फेरी : भावाला हात लावला नाही. दहावाल्या बारा जणांकडून एकेक चिंचोका घेतला आणि चौघांना तीन-तीन दिले. आता त्यांच्याकडे सहा झाले. त्यांतल्या तिघांना कांदा मिळाला. शेतकरी खूश होते. चिंचोका दिलेले थोडे कुरकुरले.

तेव्हा भज्यांच्या गाडीवाल्या मुलाने विचारलं, "मॅडम, मदत केली तरी कांदे बाराच आहेत ना? कोणीतरी राहणारच."

मला वाटतं, त्या दिवसातलं सगळ्यात शहाणं वाक्य तेच होतं. पैसे वाटून माल वाढत नाही. माल वाढवायचा तर चाळ हवी, टिकणारं बियाणं हवं, आणि उद्या नियम अचानक बदलणार नाही याचा शेतकऱ्याला भरवसा हवा. सरकारचं हेही कामच आहे, पण ते भाव चढल्यावर एका रात्रीत होत नाही. आधीच्या दोन-चार वर्षांत करावं लागतं.

शिक्षकांनी घ्यायची काळजी

• कोणत्याही पक्षाचं नाव न घेता हा विषय शिकवता येतो. कांद्यावरची बंधनं वेगवेगळ्या सरकारांनी घातली आहेत. निर्णय तपासा, पक्ष नको.
• "सरकारने फुकट दिलं" असं वाक्य आलं की थांबा आणि विचारा, "पैसे कोणी भरले?" शाळेतला पोषण आहार, पुस्तकं, आपला पगारही त्यात येतो.
• हेतू आणि परिणाम हे दोन वेगळे रकाने करा. हेतू चांगला असूनही परिणाम वाईट होऊ शकतो.
• ज्या घराचं नुकसान झालं त्या घरातलं मूल वर्गात बसलेलं असतं. त्याच्या घरची गोष्ट उदाहरण म्हणून वापरू नका. त्याला स्वतःहून सांगू द्या.

पालकांसाठी एकच सुचवते. घरी बातम्या पाहताना "सरकारने हे चांगलं केलं की वाईट?" असं मुलांना विचारू नका. "यात कोणाला मिळालं आणि कोणाचं गेलं?" असं विचारा. मूल विचार करायला लागतं.

शेवटी त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. दोन दिवसांनी मी तिला सांगितलं, "सरकार तुमच्याकडेही आलं होतं, पण कमी आणि उशिरा. कारण भाव चढला की त्रास कोट्यवधी घरांना थोडा थोडा होतो आणि सगळे एकदम बोलतात. भाव पडला की त्रास थोड्या घरांना फार होतो, पण आवाज लांबपर्यंत जात नाही. गरिबाला कांदा स्वस्त मिळायला हवाच. पण त्याचे पैसे तुझ्या पप्पांनी एकट्याने भरावेत हे बरोबर नाही. ते आम्ही सगळ्यांनी भरायला हवेत."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुमच्या पगारातून कापतात तसं?"

हो, तसंच.

हा खेळ आपल्या वर्गात घेतलात तर तुमच्या मुलांनी काय उत्तरं दिली ते जरूर कळवा. कापूस, ऊस, दूध, सोयाबीन, आपल्या भागातलं जे पीक असेल ते घेऊन करता येईल.